गाळायचं त्यातच, तोलायचंही त्यातच

लोणी काळभोरला दोन वाहती पाणी आहेत. एक नव्या मुठा उजव्या कालव्याचं, खडकवासल्याहून निघून हडपसरवरून येणारं आणि पुढे दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जाणारं. दुसरं मुळा-मुठेचं. पाऊस दोघांचाही सह्याद्रीतलाच. पण नदी पुणं ओलांडून, शहराचं सांडपाणी पोटात घेऊन इथे पोचते, थेऊरला वळसा घालते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. दोन बाटल्यांत दोन्ही पाणी भरून शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांनाही कळेल. पण ‘गढूळ’ म्हणजे किती गढूळ? लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम घन पदार्थ तरंगतात? याचं उत्तर प्रयोगशाळेतलं एक लहानसं भांडं देऊ शकतं. त्याचं नाव गूच क्रूसिबल.

दिसायला ती चिनी मातीची साधी पांढरी मूस. वेगळेपण तळाशी आहे: तळाला बारीक बारीक भोकं पाडलेली असतात. त्या भोकांवर काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंची गोल चकती बसवायची, मूस रबरी कॉलरमधून जाड काचेच्या फ्लास्कवर ठेवायची आणि फ्लास्कमधली हवा पंपाने ओढून घ्यायची. वरून ओतलेलं पाणी खेचलं जाऊन खाली उतरतं. तरंगणारी माती, शेवाळ, मैल्याचे कण चकतीवर अडकतात. चकतीची छिद्रं साधारण दीड मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे साडेसहाशेव्या भागाएवढी.

गाळण्याआधी चकतीसकट मूस धुऊन, १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला तापवून, डेसिकेटरच्या कोरड्या हवेत गार करून तिचं वजन लिहून ठेवलेलं असतं. गाळून झाल्यावर पुन्हा तेच: तापवणं, गार करणं, तोलणं. दोन वजनांतला फरक म्हणजे पाण्यातला तरंगता ऐवज. वाळवणं आणि तोलणं पुन्हा पुन्हा करायचं, वजन घटायचं थांबेपर्यंत. ते स्थिर झालं की ओल गेली असं मानायचं.

मला या सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते ती ही, की अडकलेला पदार्थ कुठेच हलवावा लागत नाही. खरवडायला गेलात की थोडा चमच्याला राहणार, थोडा भांड्याच्या कडेला. इथे गाळण तीच, तवा तोच आणि तराजूच्या पारड्यातलं भांडंही तेच. पदार्थ जिथे अडकला तिथेच बसून राहतो आणि आपण भांड्यालाच सगळीकडे फिरवतो.

हा हिशेब किती नाजूक आहे ते पाहा. सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. तपासायला १०० मिलिलिटर पाणी घेतलं, तर या मर्यादेला चकतीवर उरणार १० मिलिग्रॅम. म्हणजे तांदळाचा जेमतेम अर्धा दाणा, आणि तो तोलायचा वीसेक ग्रॅमच्या मुशीसकट. म्हणूनच मुशीला उघडा हात लावत नाहीत, चिमट्याने उचलतात. बोटांचा तेलकटपणाही वजनात येतो. मूस कोमट असेल तर तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते, पारडं किंचित उचललं जातं आणि वजन खोटं कमी भरतं. घाई केलेला आकडा नदीला आहे त्यापेक्षा स्वच्छ दाखवेल.

वजन घेऊन झालं की तीच मूस ५५० अंशांच्या भट्टीत जाऊ शकते. चिनी माती ते सहज सोसते, काचतंतूंची चकतीही तग धरते. सजीवांपासून आलेला भाग, म्हणजे मैला, शेवाळ, कुजका पाला, जळून वायू होऊन निघून जातो. गाळमातीतली खनिजं मागे राहतात. पुन्हा गार करा, पुन्हा तोला. जे घटलं ते मुख्यतः सेंद्रिय, जे उरलं ते खनिज. पावसाळ्यात उतारांवरून धुपून आलेल्या मातीने नदी तांबूस होते आणि उन्हाळ्यात सांडपाण्याने काळवंडते, तेव्हा दोन्ही वेळी ती गढूळच दिसते. हे दोन गढूळपणे वेगळे काढायला तिसऱ्यांदा केलेलं वजन कामी येतं.

गाळायच्याच भांड्यात तोलायची ही युक्ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ फ्रँक ऑस्टिन गूच यांची, १८७८ सालची. त्याआधी गाळण्याचा मुख्य आधार कागद होता. साका, म्हणजे द्रावणातून घन होऊन वेगळा पडलेला पदार्थ, कागदावर गोळा करायचा, कागदासकट मुशीत जाळायचा आणि कागदाच्या राखेचं वजन वजा करायचं. गूच यांनी मुशीच्याच तळाला भोकं पाडली आणि त्यावर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा थर जमवला. ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक, त्यामुळे त्याची जागा पुढे काचतंतूंनी घेतली. त्याआधीच, १९२० च्या दशकात, जर्मनीतल्या येना इथल्या शॉट कंपनीने वेगळी वाट काढली होती: काचेची भुकटी अशी तापवायची की कण एकमेकांना चिकटतील पण वितळून एकजीव होणार नाहीत. मधल्या फटी हीच गाळणी. हे सिंटर्ड ग्लास क्रूसिबल. महाविद्यालयांत जी-थ्री, जी-फोर म्हणतात ते याच फटींच्या आकाराचे क्रमांक; आकडा वाढला की फटी बारीक.

कागद का नको, हे कळायला चांदीचं उदाहरण घेऊ. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की सिल्व्हर क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका पडतो. तो कागदावर गाळून जाळला तर कागदाचा कोळसा त्यातल्या काही भागाची धातुरूप चांदी करून टाकतो आणि वजन बिघडतं. सिंटर्ड काचेत गाळला तर ११० ते १३० अंशांना नुसता वाळवला की झालं. उजेडात तो जांभळट पडतो, म्हणून हे काम मंद प्रकाशात करतात.

खरी गंमत हा साका धुताना येते. शुद्ध पाण्याने धुतला तर तो गाळणीतून निसटू लागतो! साका म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पुंजके. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो, आणि द्रावणातले विरुद्ध भाराचे आयन तो झाकत असतात, म्हणून कण एकमेकांना बिलगतात. शुद्ध पाणी हे आयन धुऊन नेतं. कण एकमेकांना ढकलू लागतात, पुंजके फुटतात आणि कोलॉइड होऊन फटींतून पार होतात. उपाय सुंदर आहे: धुण्याच्या पाण्यात किंचित नायट्रिक आम्ल घालायचं. त्याचे आयन पुंजके धरून ठेवतात, आणि वाळवताना आम्ल स्वतः उडून जातं. अतिस्वच्छ पाण्याने साका हातचा जावा आणि थेंबभर आम्लाने तो टिकावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

निकेलचा साका तर पाहतच राहावा असा. डायमिथिलग्लायऑक्सिम आणि अमोनिया घातले की फिकट हिरव्या द्रावणात गुलाबी-लाल रंग फुलतो. १९०५ मध्ये ही क्रिया रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव्ह चुगायेव यांनी शोधली. हा साका इतका फुगीर की थोडंसं निकेलही मूस भरून टाकतं, आणि त्याच्या वजनात निकेल असतं फक्त २०.३२ टक्के. हीच त्याची ताकद: एक मिलिग्रॅम निकेल तराजूवर जवळपास पाच मिलिग्रॅम होऊन येतं. त्याला भट्टी मात्र चालत नाही. ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायचा.

या शिस्तीने माणूस कुठवर पोचला? अमेरिकेतल्या हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी चांदीचे असेच साके गूच पद्धतीच्या क्रूसिबलांत गोळा करून, वाळवून, तोलून अणुभार ठरवले. १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना अणुभारांच्या अचूक मापनासाठी मिळालं. त्याच वर्षी त्यांनी आणि मॅक्स लेम्बर्ट यांनी युरेनियमच्या खनिजांतलं शिसं तपासलं. नेहमीच्या शिशाचा अणुभार सुमारे २०७.२, या शिशाचा मात्र त्याहून स्पष्टपणे कमी, काही नमुन्यांत २०६.४ च्या आसपास. रासायनिक गुणधर्म तेच, वजन वेगळं. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असू शकतात, या तेव्हा नव्या असलेल्या समस्थानिकांच्या कल्पनेला हा भक्कम पुरावा मिळाला.