न्यू लूक

न्यू लूक ही फ्रेंच वेशभूषाकार क्रिस्तियाँ दिओर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये आपल्या पहिल्या वस्त्रसंग्रहातून मांडलेली स्त्रियांच्या पोशाखाची शैली होय. दुसऱ्या महायुद्धातील काटकसरीनंतर फॅशनमध्ये परतलेल्या नाट्यमय, वैभवदर्शक सौंदर्यदृष्टीचे ती प्रमुख उदाहरण मानली जाते. अमेरिकेतील 'हार्पर्स बझार' या नियतकालिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांच्या उद्गारावरून हे नाव रूढ झाले.

पार्श्वभूमी

युद्धकाळात कापडाचा मोठा वाटा लष्करी गरजांकडे वळवण्यात आला. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपडे कुपनांवर मिळू लागले, तर अमेरिकेत १९४२ साली एल-८५ या आदेशाने पोशाखाची लांबी व घेर यांवर मर्यादा घातली. परिणामी रुंद चौकोनी खांदे आणि आखूड, अरुंद स्कर्ट प्रचलित झाले. दिओर यांना कापड उद्योगपती मार्सेल बूसाक यांचे भांडवल लाभले होते. अधिक कापड लागणारी शैली बूसाक यांच्या व्यवसायासही पूरक होती.

स्वरूप

उतरते गोलाकार खांदे, अतिशय बारीक कंबर, भरीव नितंबरेषा आणि पोटरीपर्यंत पोहोचणारा घेरदार स्कर्ट ही या शैलीची लक्षणे होत. संग्रहातील एका आकाररेषेला 'कोरोल', म्हणजे फुलाचा दलपुंज, असे नाव होते. फिकट रंगाचे रेशमी जाकीट व काळा चुणीदार स्कर्ट असलेला 'बार' पोशाख विशेष गाजला. हा आकार साधण्यासाठी आतून कंबरपट्टे, अस्तरे व भरण वापरले जाई.

प्रतिक्रिया

टंचाईच्या काळातील या उधळपट्टीवर टीका झाली. क्रिप्स योजनेमुळे भारतात परिचित असलेले ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी लांब स्कर्टला विरोध केला. ब्रिटनमधील कपड्यांचे नियंत्रण मार्च १९४९ पर्यंत चालू होते. अमेरिकेत काही स्त्रियांनी निदर्शने केली. युद्धकाळात घराबाहेरची कामे सांभाळलेल्या स्त्रियांना ही शैली पुन्हा जखडून टाकते, असाही आक्षेप होता. दुसरीकडे, वर्षानुवर्षे जुने कपडे दुरुस्त करून वापरलेल्या अनेकींना तीत युद्ध संपल्याची खूण दिसली.

प्रभाव

या शैलीमुळे पॅरिसला फॅशनमधील अग्रस्थान पुन्हा मिळण्यास मदत झाली. १९५४ मध्ये कोको शनेल यांनी पुनरागमन करताना सुटसुटीत पोशाखांचा पर्याय पुढे ठेवला. वैभव आणि सोय यांतील हा वाद त्यानंतरही फॅशनमध्ये वारंवार उद्भवत राहिला आहे.