दूरस्थ संवादपाठ आणि दुसरा अध्यापक

भाषेचा संवादपाठ दूरस्थ पद्धतीने, पडद्यावरून घेताना दोन अध्यापक असावेत, असे म्हटले म्हणजे एकाने शिकवावे व दुसऱ्याने यंत्राची देखरेख करावी, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. ही विभागणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. दुसरा अध्यापक हा मुख्यतः संवादातील दुसरा पक्ष होय, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. उदाहरण म्हणून अमराठी प्रौढांना मराठी शिकविणारा वर्ग घेऊ.

प्रथम कालावकाशाचा विचार करू. स्टिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवकाश त्यांत सरासरीने सुमारे 0.2 सेकंद आढळला. दूरसंवादात एका दिशेने 0.15 सेकंद विलंब झाला, तर प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत 0.3 सेकंदांची भर पडते. म्हणजे तत्पर उत्तरही अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. विद्यार्थी अडला असे समजून अध्यापक स्वतःच उत्तर सांगतो आणि संवादपाठाचे व्याख्यान होते. म्हणून एकाने प्रश्न विचारून मौन पाळावे. साहाय्य केव्हा करावयाचे, हे केवळ दुसऱ्याने ठरवावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न व्याकरणाचा आहे. मराठीतील 'आम्ही' श्रोत्यास वगळते, तर 'आपण' त्यास सामावून घेते. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा भेद आहे. हिंदीतील 'हम' अथवा इंग्रजीतील 'वी' यांत तो नाही. एकटा अध्यापक 'आम्ही' म्हणतो, तेव्हा त्या 'आम्ही'तील इतर कोण, हे विद्यार्थ्यास दिसत नाही. उलट, दोघांपैकी एकाने 'आम्ही दोघे शिकवतो' असे म्हटले आणि मग विद्यार्थ्यास उद्देशून 'आता आपण वाचू' असे म्हटले, तर नियम सांगण्यापूर्वीच भेद प्रत्ययास येतो. आदरार्थी 'आपण' मात्र नंतर घ्यावे. 'आपण वाचाल' येथील क्रियापद तो अर्थ स्पष्ट करते.

'हा-तो', 'इकडे-तिकडे' ही दर्शके एका खोलीत बोट दाखवून शिकविता येतात. पडद्यावर ते बोट निरुपयोगी ठरते. परंतु अध्यापक दोन ठिकाणी असतील, तर तीच अडचण साधन बनते. 'माझ्याकडे हे पुस्तक आहे. तुमच्या हातातले ते कोणते?' या प्रश्नात जवळ-दूर हा भेद कृत्रिम राहत नाही.

तथापि, दोन अध्यापक आपसांतच बोलत राहिल्यास विद्यार्थी केवळ प्रेक्षक उरतो. यास्तव नमुन्याचा संवाद दोन-चार वाक्यांचाच असावा. त्यानंतर एका अध्यापकाने मागे सरून आपली जागा विद्यार्थ्यास द्यावी. चूक कोणी सुधारावयाची, हेही पाठापूर्वी ठरलेले असावे. कारण दोघांनी एकाच वेळी सुधारलेले वाक्य विद्यार्थी बहुधा पुन्हा उच्चारीत नाही. सारांश, सहाध्यापकाची योजना पाठाच्या आखणीतच केली पाहिजे. ऐनवेळी नेमलेला दुसरा अध्यापक देखरेखीपलीकडे फारसे काही करू शकत नाही.