नामंजूर विधेयकाचे ऋण

१९ मार्च १९१२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारनियुक्त सभासदांचे बळ पाहता हा निकाल अनपेक्षित नव्हता. खुद्द गोखल्यांनाही त्याची पूर्ण कल्पना होती. तरीही दोन वर्षे त्यांनी या एका प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाही. १९१० मध्ये ठराव, १९११ मध्ये विधेयक आणि १९१२ मध्ये पराभव, असा हा प्रवास आहे.

विधेयकातील मागणी अतिशय माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिका व लोकल बोर्डांना मिळावा, तोही सरकारच्या परवानगीने, आणि जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. मुलींचा समावेश मागाहून व्हावा, एवढेच ते सुचवीत होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणाऱ्या महात्मा फुल्यांच्या मानाने गोखल्यांचे पाऊल आखूडच म्हटले पाहिजे. परंतु त्यात एक कलम मोलाचे होते. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घेऊ नये. सक्ती करावयाची आणि फीही मागावयाची, तर तो कायदा गरिबाला शिक्षण न देता केवळ शिक्षा देईल, हे मर्म गोखल्यांनी ओळखले होते.

ते त्यांना केवळ पुस्तकांतून उमगले नव्हते. वडील निवर्तल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावास दरमहा पाठवीत. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याच्या शिक्षणाचा बळी द्यावा लागतो, हा गरीब घरांचा हिशेब या माजी शिक्षकाने घरातच पाहिला होता.

विरोधकांचे आक्षेप तीन होते : तिजोरीत पैसा नाही, जनतेची मागणी नाही आणि सारेच शिकले तर शेतावर राबणार कोण? पहिले दोन आक्षेप उघड होते; तिसऱ्यात खरे भय होते.

पराभूत विधेयक मात्र निष्फळ ठरले नाही. बडोदे संस्थानाने १९०६ मध्येच सक्तीचा मार्ग दाखविला होता; १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण आणले, १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा कायदा मुंबई इलाख्यात संमत झाला. संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. प्रत्यक्षात हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या कायद्याने खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. म्हणजे गरिबाच्या मुलाने कोणत्या बाकावर बसावे, हा वाद मिटलेला नाही. वही, गणवेश व प्रवास यांचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार जोवर घरावर पडतो, तोवर फीमाफी ही अर्धीच माफी होय. दहा रुपयांच्या त्या कलमाचा अर्थ हाच होता. तो उरलेला अर्धा भाग पुरा करणे, हेच त्या तेरा मतांचे ऋण फेडणे ठरेल.