‘ओरिजिनल लेदर आहे!’ बरं, मग?

गिरगावात, लालबागच्या चाळीखाली किंवा परळच्या नाक्यावर नवी बुलेट उभी राहिली की थोड्याच दिवसांत तिच्या आरशावर काळं जॅकेट लटकायला लागतं. ‘छान आहे’ एवढंच म्हणा, पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘‘धारावीतून घेतलंय. ओरिजिनल लेदर. काडी लावून बघितलीय, पेटत नाही!’’ आता खंडाळ्याच्या घाटात पडलो तरी कपडे झटकून उठू, असा भाव चेहऱ्यावर.

काडी लावून फार तर एवढंच कळतं, की वरचा थर निव्वळ रेक्झिनचा नाही. खऱ्या चामड्यालाही रंगाचा नि फिनिशिंगचा थर असतोच, त्यामुळे तेवढंही नीट कळेल याची खात्री नाही. आणि समजा कळलं, तरी उपयोग काय? तुम्हाला आगीतून गाडी चालवायची नाहीये. रस्ता माणसाला जाळत नाही, तो घासतो आणि आपटतो. ही दोन वेगळी संकटं आहेत आणि खरं लेदर, अगदी शंभर टक्के खरं लेदर, दुसऱ्यावर जवळजवळ काहीच करू शकत नाही.

आधी घासण्याचं बघू. कपडे आणि डांबर यांच्यातला घर्षणांक ०.६ ते ०.७ च्या आसपास धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगात गाडीवरून पडलेला माणूस सुमारे १५ मीटर घसरत जातो. म्हणजे बेस्टच्या १२ मीटर लांबीच्या बसपेक्षाही जास्त. वेळ लागतो दोन सेकंदांहून थोडा अधिक. या दोन सेकंदांत कपडा टिकला तर कातडी टिकते. साधी जीन्स घर्षणाच्या यंत्रावर सहसा एक सेकंदही काढत नाही. युरोपच्या ईएन १३५९५ या जुन्या मानकात खांदा, कोपर, गुडघा अशा सर्वाधिक धोक्याच्या जागी कापड किंवा चामडं किमान चार सेकंद टिकावं, अशी पहिल्या पातळीची अट होती. वरच्या पातळीला सात सेकंद. २०२० मध्ये आलेल्या ईएन १७०९२ मानकाने सेकंदांऐवजी एएए, एए, ए, बी, सी अशा श्रेणी दिल्या.

आता तुमचं ‘ओरिजिनल’ जॅकेट काढा. फॅशनची जॅकेटं बहुतेक मेंढीच्या किंवा बकरीच्या मऊ कातड्याची असतात. हाताला लोण्यासारखी लागतात, कारण पातळ असतात, बऱ्याचदा एक मिलिमीटरहूनही कमी. रायडिंगसाठी वापरतात ते गाईचं किंवा म्हशीचं चामडं साधारण १.१ ते १.४ मिलिमीटरचं. शंका असेल तर नागदेवी स्ट्रीटवर व्हर्निअर कॅलिपर मिळतो, तो घेऊन दुकानात जा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

पण जाडी हे अर्धंच उत्तर. पडल्यावर जॅकेट बहुधा फाटत नाही, उसवतं. फॅशन जॅकेटची शिवण एकेरी असते आणि नेमकी खांद्याच्या टोकावर किंवा कोपरावर येते, म्हणजे माणूस सगळ्यात आधी जिथे आपटतो तिथेच. रायडिंग जॅकेटमध्ये या जागी एकसंध तुकडा, त्यावर चामड्याचा दुसरा थर आणि दुहेरी-तिहेरी शिवण असते. त्यातली एखादी ओळ आत लपलेली असते, वरचा धागा झिजून गेला तरी तुकडे धरून ठेवायला. धागा जाड नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असतो. साध्या सुती धाग्याने शिवलेलं उत्तम चामडं म्हणजे सुट्या तुकड्यांची गठडी.

मग आपटणं. खांद्यावरून डांबरावर पडलात तर लेदर तुमचं सालटं वाचवेल, हाड नाही. हाडासाठी आत आर्मर लागतं. त्याचंही मानक आहे, ईएन १६२१. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पॅडवर टाकतात आणि पलीकडे किती बल पोहोचतं ते मोजतात. खांदे, कोपर, गुडघ्यांसाठी लेव्हल १ म्हणजे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत, लेव्हल २ म्हणजे २० पर्यंत. पाठीच्या पॅडला नियम कडक : १८ आणि ९. बरीच ‘रायडिंग’ जॅकेटं पाठीच्या खिशात नुसता फोम घालून विकली जातात. पॅड बाहेर ओढा आणि त्यावर मानकाचा आकडा, लेव्हल नि मोटरसायकलचं छोटं चित्र छापलेलं आहे का ते पाहा. काहीच छापलेलं नसेल तर तो उशीत घालायचा स्पंज आहे.

यात धारावीतल्या दुकानदारांचा दोष नाही, हेही सांगून टाकतो. काळा किल्ला ते सायन-वांद्रे लिंक रोड या पट्ट्यातले कारागीर पट्टे, पाकिटं, बॅगा, जॅकेटं सफाईने शिवतात आणि फॅशन जॅकेट फॅशन जॅकेट म्हणूनच विकतात. ते चिलखत आहे असं गिऱ्हाईकच मनाशी ठरवून येतं. त्याच कारागिराला जाड चामडं, तिहेरी शिवण, खांद्या-कोपरावर दुसरा थर आणि आर्मरचे खिसे असं मापासह सांगितलंत, तर तो शिवूनही देईल. पण घासाघीस करून त्याला पातळ चामड्यावर आणायचं आणि वर सुरक्षिततेची खात्री मागायची, हे जमणार नाही. आणि कितीही चांगलं शिवलं तरी ते चाचणी झालेलं जॅकेट नसतं, हे लक्षात असू द्या.

चाचणी आणि लेबलाचा आग्रह उगाच नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात लिझ द रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलसाठीच म्हणून विकलेल्या जॅकेटांपैकीही सुमारे ३० टक्के अपघातात निकामी झाली होती. हातमोज्यांचं प्रमाण जवळपास २६ टक्के. खास बनवलेल्या वस्तूंची ही गत, तर लग्नाच्या रिसेप्शनलाही चालणाऱ्या जॅकेटची काय असेल?

दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून माप घेणं हा आणखी एक प्रकार. गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा, पाठ वाकवा. बाही मनगटावरून वर सरकली, कंबर उघडी पडली किंवा कोपरावरचं पॅड हाताच्या बाजूला फिरलं, तर ते जॅकेट तुमचं नाही. ‘थोडं मोठंच घेऊ, आत स्वेटर बसेल’ हे तर विसराच. मुंबईत स्वेटर घालायचे दिवस किती? ढिलं जॅकेट पडताना फिरतं आणि आर्मर हाडावर न राहता भलतीकडे जातं.

एवढं सांगितलं की दुसरं पालुपद सुरू होतं : ‘‘अहो, गिरगाव ते दादर! इथे स्पीड कुठे मिळतो? हे सगळं लडाखला.’’

हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा १९८१ चा अहवाल आजही या विषयात पायाभूत मानतात. त्यातला अपघातापूर्वीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष धडकेचा ३५ च्या. बहुतेक अपघात छोट्या फेऱ्यांत, घरून निघाल्यावर थोड्याच वेळात झालेले. ही काही लडाखची सफर नव्हे, कोपऱ्यावरून सामान आणायला जाणं झालं. रात्री अकराला डॉ. आंबेडकर रोडवर लालबागहून परळकडे ४८ चा वेग गाठायला कुणाला कष्ट पडतात? शिवाय मुंबईत जे. जे. उड्डाणपूल, ईस्टर्न फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड सगळीकडे दुचाकींना बंदी. म्हणजे दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतो तो खालचा रस्ता : बस, टॅक्सी, हातगाडी, मधेच उघडणारं दार, पावसात गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही : ‘‘मे महिन्यात लेदर? भाजून निघेन.’’ निघालच. मुंबईची हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. सिग्नलला उभं असताना तर वाराही नाही. थकलेला, गरगरलेला माणूस ब्रेक उशिरा लावतो, त्यामुळे उकाडा हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा मोटोकॅप हा उपक्रम २०१८ पासून कपड्यांना संरक्षणाचे आणि उष्णतेत सुसह्य असण्याचे वेगवेगळे गुण देतो, ते यासाठीच.

पण यातून ‘म्हणून टी-शर्टच बरा’ हा निष्कर्ष निघतो कुठून? लेदर हे एकच साहित्य नाही. रोजच्या गिरगाव-परळ फेरीसाठी ए किंवा एए श्रेणीचं, आर्मर असलेलं जाळीदार कापडी जॅकेट घ्या. सी श्रेणीचं नको. ती नुसत्या आर्मर धरणाऱ्या जाळीची असते, तिच्यात घासण्यापासून संरक्षण गृहीतच नाही. लेदर हिवाळ्यातल्या लांबच्या प्रवासाला ठेवा. घासण्याच्या बाबतीत चांगलं लेदर आजही बहुतेक कापडांना भारी पडतं, हे खरंच. पण कपाटात टांगलेलं लेदर कुणालाच वाचवत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू.

‘२०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात खरं लेदर मिळतच नाही.’ मिळतं. बंदी गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर आहे. म्हैस, मेंढी, बकरी त्यात नाहीत, आणि चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहूनही येतं.

‘लेदर वॉटरप्रूफ असतं.’ नसतं. पावसात वरून रेनकोट घाला. भिजलंच तर पंख्याखाली सावलीत वाळवा, उन्हात नको, इस्त्री तर नकोच.

‘खोबरेल चोळलं की लेदर टिकतं.’ बुरशी येते, विशेषतः जुलैत. लेदर कंडिशनर मिळतो, तो वापरा.

‘काळं जॅकेट म्हणजे रायडर.’ आणि रात्री समोरच्या टॅक्सीवाल्याला न दिसणारा रायडर. हर्ट यांच्या अहवालात दुसऱ्या वाहनाच्या चालकाला मोटरसायकल दिसलीच नाही, हे धडकेचं एक मोठं कारण होतं. पाठीवर रिफ्लेक्टरची पट्टी हवीच.

‘घोट्याच्या वर बूट फक्त रेसिंगला.’ कॅनबेराच्या त्याच अभ्यासात मोटरसायकलचे नसलेले साधे बूटसुद्धा पाय-घोट्याच्या दुखापती कमी करताना दिसले. कोल्हापुरी चप्पल सुंदर असते, गिअरच्या खटक्यावर तिचं काम नाही.

‘मागे बसणाऱ्याला काय गरज?’ घर्षणाला पुढची-मागची सीट कळत नाही. कलम १२९ खाली हेल्मेट दोघांनाही लागतं, आणि मुंबई वाहतूक पोलीस जून २०२२ पासून मागच्यालाही दंड करतात. गुढीपाडव्याच्या गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारीतल्या मुली बुलेटवर झोकात दिसतात हे मान्य, पण कायद्यात सणासाठी सूट नाही.

जॅकेटबद्दल मात्र हे कलम काहीच म्हणत नाही. हेल्मेटवर आयएसआयची खूण जून २०२१ पासून सक्तीची आहे. जॅकेटच्या बाबतीत ‘रायडिंग’ हा शब्द कुणीही छापतो, म्हणून आतलं लेबल आणि पॅडवरचा आकडा स्वतः वाचावा लागतो.

आणि सगळे पैसे जॅकेटवर उधळू नका. पडताना माणूस आधी हात टेकतो, हे ठाऊक असूनही उघड्या हातांवर हजारोंचं लेदर चढवणारे रोज दिसतात. कॅनबेरातल्या अभ्यासात जॅकेट घातलेल्यांना हॉस्पिटलात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण न घातलेल्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी होतं, रायडिंग पँट घातलेल्यांचं ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांचं ५९ टक्क्यांनी.