पाचशे यार्डांवरचं सावज

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात सेजब्रशची खुरटी झुडपं सोडली, तर माळावर मैलोन्‌मैल आडोसा नाही. तिथला प्रॉन्गहॉर्न उत्तर अमेरिकेतला जमिनीवरचा सगळ्यांत वेगवान प्राणी, आणि नजर अशी तीक्ष्ण की माणूस दिसला रे दिसला की कळप उधळतो. लांबून बार टाकायची आणि त्यासाठी रायफलवर मोठा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, चढवायची ओढ अशाच मोकळ्या मुलखात वाढली. स्कॉटलंडच्या डोंगरात तांबड्या हरणाचा माग काढणारा शिकारी ओल्या गवतातून सरपटत दोनशे यार्डांच्या आत जातो; त्याला साधा सहा पॉवरचा स्कोप पुरतो. जर्मनी-ऑस्ट्रियात मचाणावर बसून तिन्हीसांजेला रानडुकराची वाट पाहतात. तिथे अंतर थोडं पण उजेड कमी, म्हणून ८×५६ चा जाडजूड स्कोप लागतो.

या आकड्यांत पहिला पॉवरचा, म्हणजे किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा समोरच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×५६ मध्ये ती ७ मिलिमीटर, म्हणजे अंधारात तरुण माणसाची बाहुली जेवढी मोठी होते जवळपास तेवढी. ५० मिलिमीटरचं भिंग २५ पॉवरवर नेलं, तर उरतात २ मिलिमीटर, आणि ऐन संध्याकाळी सावज बाहेर पडतं तेव्हाच चित्र काळवंडतं. नवखा माणूस दुकानात पॉवर विचारतो. त्याने हा भागाकार आधी करावा.

काचेचा इतिहास थोडक्यात सांगतो. व्हिएन्नाच्या काल्स कंपनीने १९०० साली शिकारीचा स्कोप काढला. १९३० मध्ये विल्यम वीव्हरने सामान्य अमेरिकन शिकाऱ्याला परवडेल असा बनवला. जर्मन झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये भिंगावर परावर्तन रोखणारा पातळ थर चढवला आणि वाया जाणारा पुष्कळसा प्रकाश वाचू लागला. ओरेगॉनच्या ल्यूपोल्डने १९४७ मध्ये नळीत नायट्रोजन भरून आतलं धुकं धरणं थांबवलं.

लांब पल्ल्यासाठी मात्र काचेइतकाच महत्त्वाचा असतो टरेट, म्हणजे स्कोपवरची ती फिरवायची चकती. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसाची रायफल २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवून घेतली, तर ५०० यार्डांवर गोळी नेमाच्या साधारण एक मीटर खाली उतरते. ती भरपाई टरेटने करायची. मिलिरेडियन या कोनमापाच्या टरेटचा नेहमीचा एक क्लिक १०० मीटरवर नेम १ सेंटिमीटर सरकवतो. हे खरंच घडतं का, ते त्याच अंतरावर कागद लावून तपासावं. एक बार काढायचा, चाळीस क्लिक वर, पुन्हा बार; चाळीस उजवीकडे, बार; चाळीस खाली, बार; चाळीस डावीकडे आणून शेवटचा बार, आणि नेम सगळा वेळ त्याच खुणेवर. कागदावर चाळीस सेंटिमीटरचा चौकोन उमटला आणि शेवटचं भोक पहिल्याला खेटून पडलं, तर यंत्रणा खरी. स्कोप महागडा असो वा नसो, या परीक्षेत नापास झाला तर माझ्या मते तो शिकारीला नेऊच नये. मात्र आधी स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने सारखे आवळलेत ना, ते बघावं. सैल माउंटचा दोष पुष्कळदा स्कोपच्या माथी येतो.

घसरण गणिताने सुटते, वारा सुटत नाही. त्याच काडतुसाची गोळी ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर सुमारे ४५ सेंटिमीटर वाहवते. प्रॉन्गहॉर्नच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम २० सेंटिमीटर रुंद. मध्यावर नेम धरला तर दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर हाताशी. वाऱ्याच्या अंदाजात ताशी चार किलोमीटरची चूक झाली, की गोळी ११ सेंटिमीटर सरकली आणि मर्म हुकलं. गोळी तिथे पोहोचायला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद लागतो. चरणाऱ्या जनावराला एक पाऊल टाकायला तेवढा वेळ पुरतो. मर्म हुकून गोळी पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडतं. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब आजही शिकारीत सावजाला निसटायची खरी संधी हवी असा आग्रह धरतो आणि अतिलांब पल्ल्याच्या बारांना विरोध करतो. मला तो विरोध मनापासून पटतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झालं. मराठी वाचकाला रायफल आठवते ती २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेची. तिच्यावर स्कोप नव्हता. त्या स्पर्धेचा नियमच तसा आहे.

वायोमिंगसारख्या माळावर शिकारीला जाणाऱ्यांसाठी वापरातल्या दोन-तीन गोष्टी. सावज शोधायला गळ्यातली दुर्बीण वापरावी. स्कोपमधून मुलूख न्याहाळायचा म्हणजे दिसेल त्या माणसावर रायफल रोखायची. पॅरॅलॅक्सची चकती अंतरानुसार लावून घ्यावी, नाहीतर डोळा किंचित हलला तरी नेम हलतो. आणि बार टाकताना पॉवर मुद्दाम दहा-बारावर ठेवावी. पंचवीसवर धक्क्यासरशी सगळं चित्रच नजरेआड होतं, जनावर कोसळलं की पळालं तेही कळत नाही. उठण्याआधी ते उभं होतं तिथलं एखादं झुडूप किंवा दगड हेरून ठेवावा, कारण पाचशे यार्ड चालून गेल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात आणि रक्ताचा पहिला थेंब तिथेच शोधायचा असतो.