रिवेटचं फुगीर डोकं

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अरोरा नावाचं गाव आहे. तिथल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ची किटं आणून लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली ११ हजारांवर विमानं आजवर उडाली. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी कंपनी १९७३ साली काढली, वगैरे इतिहास कुठेही वाचायला मिळतो. नजर अडकते ती विमानाच्या धडावर, शेपटीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना बसवलेल्या एकेका रिवेटवर.

साधा पॉप रिवेट. मधली दांडी ठोकून काढली की आरपार भोक उरतं. आतल्या टोकाला प्लॅस्टिकची नळी खोचली की झाला स्टॅटिक पोर्ट! आजूबाजूच्या हवेचा दाब तो आत पोचवतो. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब पंखाखालची पिटो नळी घेते. आंरी पिटोंनी १७३२ मध्ये सीन नदीचा प्रवाह मोजला तो याच युक्तीने. दोन दाबांतल्या फरकावरून वेग कळतो. फरक तरी केवढा? १०० नॉटला जेमतेम १६५ मिलिमीटर पाण्याइतका, ५० नॉटला त्याच्या चौथाई. म्हणून हौशी कारागीर पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून, शेजारी मोजपट्टी धरून गॅरेजमध्येच वेगमापकाचा काटा तपासतात.

काहींना ते फुगीर डोकं गावठी वाटतं. ते लेथवर घडवलेला, पत्र्याशी सपाट बसणारा देखणा पोर्ट लावतात, आणि काटा वेग कमी दाखवू लागतो. फुगवट्यावरून जाताना हवा किंचित पळते, दाब उतरतो. धडाच्या त्या जागेवरचा जादा दाब त्यातच वळता होत असतो. मग भोकाच्या अगदी पुढे पातळ पट्टी चिकटवायची, चारी दिशांना उडून जीपीएसशी ताडून पाहायचं, पट्टी पुन्हा बदलायची.

कमी दिसणारा वेग परवडला. जास्त दिसणारा घात करतो.

उघडी पिटो नळी म्हणजे कुंभारीण माशीला आयतं घर. १९९६ मध्ये पुएर्तो प्लाताजवळ बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण गेले, तेव्हा संशय अशाच माशीवर आला. बुजलेल्या नळीत जुना दाब कोंडलेला राहतो. विमान चढतं तशी बाहेरची हवा विरळ होते आणि काटा वेग वाढल्याचं सांगतो. पायलट नाक आणखी वर करतो.

त्याच वर्षी पेरूत, एरोपेरूचं विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चंदेरी पट्टी काढायची राहिली. ७० माणसं गेली. घरी बांधलेलं विमान धुणारा आणि उडवणारा बहुधा एकच असतो. पॉलिश करण्याआधी शहाणा माणूस त्या रिवेटवर पट्टी लावतो ती भडक लाल, हातभर शेपूट लोंबती ठेवून.