गोळी एकच, मग काहींनाच का लागू पडली? (ट्रान्सक्रिप्ट)

आजचा विषय थोडा घरचा आहे. गेल्या वर्षी माझ्या मावशीला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तिने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही. डॉक्टर म्हणाले, "ट्यूमरच्या जीन टेस्टचा रिपोर्ट येऊ द्या, मग औषध ठरवू." घरात सगळे वैतागले. कॅन्सर झालाय आणि थांबायचं कसलं? मीही चिडलो. मग रात्री वाचत बसलो. जे कळलं ते सांगतो.

आपल्या पेशींवर ईजीएफआर नावाचं प्रोटीन असतं. बाहेरून सिग्नल आला की ते पेशीला वाढायला सांगतं, नाहीतर गप्प बसतं. काही ट्यूमरमध्ये याच्या जीनमध्ये बिघाड होतो. कधीकधी डीएनएचं फक्त एक अक्षर बदलतं आणि स्विच चालूच राहतो. एका अक्षराच्या चुकीने अख्खी सिस्टिम बसलेली मी ऑफिसात पाहिलीय, त्यामुळे हे लगेच पटलं.

जेफिटिनिब ही गोळी तो स्विच दाबून धरते. अमेरिकेत तिला २००३ मध्ये मंजुरी मिळाली. पण तिथे दहापैकी जेमतेम एका पेशंटचा ट्यूमर आकसायचा. का, ते कळेना. २००४ मध्ये बोस्टनमधल्या दोन टीम्सनी फायदा झालेल्यांचे ट्यूमर तपासले, तर त्यांच्यात हाच बिघाड सापडला!

तरी गोळी सरसकट दिली जात होती. त्याने एकूण पेशंटचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, म्हणून २००५ मध्ये अमेरिकेने नव्या पेशंटसाठी तिच्यावर बंधनं घातली. मग २००९ मध्ये आशियातल्या 'आयपास' ट्रायलचा निकाल आला. बिघाड असेल तर आजार रोखून धरायला गोळी केमोपेक्षा सरस, नसेल तर केमोच बरी. २०१५ मध्ये तीच गोळी अमेरिकेत परत आली, पण आधी टेस्ट करायच्या अटीवर.

अर्थात कॅन्सरही गप्प बसत नाही. पुष्कळ पेशंटमध्ये टी७९०एम हा नवा बिघाड येतो आणि गोळीचं काही चालत नाही. त्यावर २०१५ मध्येच ऑसिमर्टिनिब आलं. पुढे त्यालाही चकवणारे बिघाड सापडले. पाठशिवणीचा खेळ चालूच आहे.

मावशीच्या रिपोर्टमध्ये असा कुठलाच बिघाड निघाला नाही. केमो सुरू झाली. वाईट वाटलं, पण तिला नुसतीच गोळी दिली असती तर मोलाचे महिने वाया गेले असते. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "बायोप्सीची जीन टेस्ट पाठवलीय का?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.